पाळणाघरात ‘आधी आपण बघू’ असं सांगितलं जातं तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा: एक ताई घरगुती पाळणाघरात कामाला आहेत. दुपारी साडेतीन वर्षांच्या एका मुलाला झोपवायला आतल्या खोलीत नेताना तो दारातच बसला आणि म्हणाला, “तिथे नको. दादा शूच्या जागी हात लावतो.” दादा म्हणजे मालकीणबाईंचा भाचा, कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहणारा. बाईंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मुलं काहीही बोलतात. आधी आपण बघू. आईबापांच्या कानावर इतक्यात घालू नकोस.” ताई विचारतात: थांबू का? मुलाला पुन्हा विचारून खात्री करून घेऊ का? खोटं निघालं तर माझं काय? माझं नाव बाहेर येईल का?

ताई, थांबू नका. आणि खात्रीही करून घेऊ नका. दुसरं वाक्य तुम्हाला विचित्र वाटेल, म्हणून ते आधी सोडवते.

मी बाल कल्याण समितीवर, म्हणजे जिल्ह्यात मुलांच्या संरक्षणाची प्रकरणं बघणाऱ्या सरकारी समितीवर, काम केलं आहे, आता पाळणाघरं आणि बालवाड्यांमधल्या ताईंची प्रशिक्षणं घेते. दोन्हीकडे एकच घोळ सारखा दिसतो. काही कानावर आलं की भली माणसंसुद्धा तपास अधिकारी होतात. मुलाला बसवून विचारतात, त्या माणसाला बोलावून विचारतात, दोन-चार दिवस ‘लक्ष ठेवतात’. त्या दिवसांत मूल तिथेच असतं, तो माणूस तिथेच असतो, आणि आपल्याबद्दल बोलणं झालंय हे त्याला कळलेलं असतं. पुढे पोलिस येईपर्यंत मुलाने तीच गोष्ट सात जणांना सांगितलेली असते आणि प्रत्येकाने त्यात आपला एकेक शब्द घातलेला असतो. न्यायालयात बचावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

कायद्याला तुमच्याकडून खात्री नको आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजे पोक्सो, २०१२ साली झाला. त्याच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचं समजलं किंवा घडेल अशी आशंका आली, तर ‘कोणत्याही व्यक्तीने’ ते स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवायचं आहे. कोणत्याही व्यक्तीने म्हणजे मालकिणीने, तुम्ही, स्वयंपाकाच्या मावशींनी, सगळ्यांनीच. मालकिणीला सांगितलं म्हणजे आपलं काम झालं असं कायदा मानत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. भाचा पगारी नोकर नाही, त्यामुळे बाईंना यातलं दुसरं, संस्थाप्रमुखाचं पोटकलम लागेल की नाही यावर वकील वाद घालतील. पहिलं तर लागतंच. भाचा स्वतः अठराच्या आतला असला तरी कळवायचंच. तेव्हा त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, एवढाच फरक.

हे कलम नुसतं कागदावर नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले होते. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरने पोलिसांना कळवलं नाही असा आरोप होता. त्याच्याविरुद्धचा गुन्हा नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निकाल फिरवला आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं बजावलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण उजेडात आलं, त्यातही न कळवल्याबद्दल शाळेच्या विश्वस्तांवर पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला. हे तुमच्या बाईंना सांगायला हरकत नाही, पण शांतपणे. बहुतेक मालकिणी दुष्ट नसतात, घाबरलेल्या असतात. पाळणाघर हेच त्यांचं घर असतं, भाचा सख्ख्या बहिणीचा मुलगा असतो, आणि ‘आपल्या घरात असं होणार नाही’ हे त्यांना मनापासून वाटत असतं. पण त्यांचा गुंता सुटेपर्यंत त्या मुलाने वाट बघायची नाही.

आज काय करायचं ते आता.

आधी लिहून काढा. वहीत, तारीख आणि वेळ घालून. मूल कुठे होतं, जवळ कोण होतं, तुम्ही काय म्हणालात, ते काय म्हणालं. त्याचे शब्द जसेच्या तसे. त्याने ‘शूची जागा’ म्हटलं असेल तर तेच लिहा, ‘गुप्तांग’ लिहू नका. साडेतीन वर्षांचं मूल ‘गुप्तांग’ म्हणत नाही, आणि तसं लिहिलेलं कोणी वाचलं की त्याला वाटतं हे ताईंनीच घातलंय. तुमचा अंदाज लिहायचाच असेल तर खाली वेगळा, ‘मला असं वाटलं’ म्हणून. बाईंशी झालेलं बोलणंही लिहा. खाली सही करा आणि ती वही पाळणाघरात ठेवू नका.

मुलाला आता खोदून विचारायचं नाही. ‘दादाने चड्डी काढली का?’, ‘कितीदा केलं?’, ‘दुखलं का?’ यातला एकही प्रश्न तुमचा नाही. लहान मुलं मोठ्यांना जे हवं ते उत्तर देतात, आणि तोच प्रश्न पुन्हा आला की आधीचं उत्तर चुकलं असं समजून बदलतात. ते आपण होऊन बोललं तर ऐका, फार तर “मग?” किंवा “अजून काही सांगायचंय?” एवढंच म्हणा. तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही, हे म्हणा. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका, ते तुम्हाला पाळता येणार नाही. आणि चेहरा सांभाळा. ताईंचा चेहरा उतरला की मूल ती गोष्ट तिथेच गिळतं.

मग पोलिस. जवळच्या ठाण्यात स्वतः जा किंवा ११२ ला फोन करा. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबरही चोवीस तास चालतो, तिथे सांगितलंत तर तेही पुढे पोलिसांना कळवतात. ठाण्यात एकट्या जाऊ नका. घरचं कोणी किंवा महिला संघटनेची एखादी कार्यकर्ती सोबत घ्या. तुमची माहिती लिहून घेऊन तिला नोंद क्रमांक द्यायचा असतो, ती तुम्हाला वाचून दाखवायची असते. माहिती घेणाऱ्या अधिकाऱ्याचं आणि त्याच्या वरिष्ठाचं नाव, हुद्दा, फोन तुम्हाला मिळायला हवा. फिर्याद दाखल झाली की तिची प्रत मोफत मिळते. ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर चालत नाही, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. बदलापूरला एका आईला तक्रार नोंदवून घेण्यासाठी ठाण्यात तासन्‌तास थांबावं लागलं होतं, तेव्हा असं होणारच नाही असं मी म्हणत नाही. नोंद घेत नसतील तर पोलिस उपायुक्तांना किंवा ग्रामीण भागात पोलिस अधीक्षकांना लेखी द्या आणि एक प्रत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला. नोंद न घेणारा पोलिसही कलम २१ मध्येच बसतो, हे त्यांना ठाऊक असतं. नम्रपणे आठवण करून दिली तरी पुरतं.

आईवडिलांना आजच सांगायचं. संशय घरातल्याच माणसावर असता तर मी वेगळं सांगितलं असतं. तेव्हा आधी पोलिस किंवा समिती, कारण घरी सांगणं म्हणजे मुलाला त्याच माणसाच्या हवाली करणं. इथे तसं नाही. फोनवर सांगू नका आणि दारात चपला घालता घालता तर मुळीच नको. मूल दुसऱ्या कोणाजवळ ठेवून दोघांना बसवा आणि मुलाचं वाक्य तेवढं सांगा, जसं होतं तसं. ‘त्याच्यावर अत्याचार झाला’ असा निकाल तुम्ही देऊ नका. वडील उठून थेट भाच्याची गचांडी धरायला निघतील अशी तयारी ठेवा. त्यांना सांगा की तुम्ही त्याला मारलंत तर उद्या तुम्ही कोठडीत असाल आणि मूल घरी बापाची वाट बघत असेल. हे कठोर वाटतं, पण त्या क्षणी एवढंच ऐकू जातं.

त्यांना आणखी दोनतीन गोष्टी सांगायच्या असतात, त्या नेमक्या गडबडीत राहतात. मुलाला आज आंघोळ घालू नका. कालचे कपडे, चड्डी धुतलेली नसेल तर तशीच कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये दमटपणाने नमुना खराब होतो. घरी त्याची उलटतपासणी घेऊ नका, आजीआजोबांसमोर पुन्हा बोलायला लावू नका, मोबाइलवर त्याचं रेकॉर्डिंग करू नका. डॉक्टरकडे न्या. फिर्याद अजून झाली नसली तरी वैद्यकीय तपासणी करता येते आणि तातडीच्या उपचारांसाठी कोणतंही रुग्णालय पोलिसांचं पत्र मागू शकत नाही. तपासणीत काही सापडलं नाही तर काही झालंच नाही असा अर्थ होत नाही. नुसत्या स्पर्शाची खूण अंगावर राहत नाही.

पुष्कळ आईवडील इथे म्हणतात, ‘आम्हाला पोलिसांत जायचं नाही, आम्ही त्याला दुसऱ्या पाळणाघरात घालतो.’ मला त्यांचा राग येत नाही. बदनामीची भीती खरी असते, तारखांची भीतीही खरी असते. पण कळवण्याचं तुमचं कर्तव्य त्यांच्या होकारावर अवलंबून नाही. आणि त्या खोलीत उद्या दुपारी आणखी पंचवीस मुलं झोपणार आहेत. आईवडिलांना पुढची वाट थोडी दाखवा, भीती कमी होते. मुलाचा जबाब घरी किंवा तो म्हणेल तिथे घेतात, शक्यतो महिला उपनिरीक्षक घेते, गणवेशात नाही. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, आणि समिती कुटुंबासोबत एक सहायक व्यक्ती देऊ शकते, ती खटला संपेपर्यंत बरोबर असते. न्यायालयात आरोपी मुलाच्या नजरेसमोर येणार नाही अशी सोय करतात, सुनावणी बंद दाराआड होते. वर्षभरात खटला संपवावा असं कायदा म्हणतो. तेवढ्यात तो संपेलच असं आश्वासन मी कोणत्याही आईबापांना देत नाही.

‘खोटं निघालं तर?’ हा तुमचा प्रश्न. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी काहीही लागत नाही, हे कलम १९ मध्येच लिहिलेलं आहे. शिक्षा आहे ती मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्याला, कोणाला बदनाम करायला किंवा पैसे उकळायला. मुलाने सांगितलेलं जसंच्या तसं पोहोचवणारी व्यक्ती त्यात बसत नाही. कधी तपासात वेगळंच निघतं. शू करताना स्वच्छ करायला कोणी हात लावलेला असतो, किंवा ‘दादा’ म्हणजे मूल दुसऱ्याच कोणाला म्हणत असतं. तसं निघालं तर चांगलंच. पण ते ठरवण्याचं काम ज्यांचं आहे त्यांच्यापर्यंत ते गेलं पाहिजे.

नावाचं मात्र खरं सांगते. मुलाचं नाव, फोटो, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही कोणत्याही माध्यमात देणं हा गुन्हा आहे. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘अमक्याच्या मुलासोबत’ असं टाकणंसुद्धा अंगाशी येतं. तुमच्या नावाला एवढं कडक कवच नाही. तुम्हाला साक्षीला बोलावतील आणि बाईंना कळेल. कायदा तुमची नोकरी वाचवत नाही, आणि हे मी गोड करून सांगणार नाही. एवढं करा की पगाराचा हिशोब, हजेरी, बाईंचे मेसेज जपून ठेवा, आणि काढून टाकलं तर ते कोणत्या तारखेला, काय सांगून, तेही लिहून ठेवा.

सीसीटीव्हीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बाई उद्या म्हणतील की कॅमेऱ्यात काहीच दिसत नाही. खारघरच्या पाळणाघरात २०१६ साली दहा महिन्यांच्या बाळाला सांभाळणाऱ्या बाईने मारलं, ते सगळं कॅमेऱ्यात होतं. कॅमेरा चालू होता, बघत कोणी नव्हतं. आतल्या खोलीत आणि संडास-बाथरूमपाशी तर बहुतेक ठिकाणी कॅमेरा नसतोच, आणि बाथरूममध्ये तो नसावाच. फुटेज स्वतःच्या मोबाइलवर उतरवू नका. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डबा, भरला की जुनं आपोआप पुसलं जातं, म्हणून तो लगेच ताब्यात घ्या असं पोलिसांना लेखी जबाबातच सांगा.

शेवटच्या ओळीत तुम्ही जाता जाता विचारलं आहे, असं पुन्हा होऊ नये म्हणून काय करता येईल. घरगुती पाळणाघरात खरी जोखमीची वेळ दुपारची, एक ते चार. ताई जेवायला बसलेली, मुलं झोपलेली, पडदे ओढलेले, आणि घरातला कुणीतरी ‘जरा बघतो मी’ म्हणून आत. मुलांना सांभाळणारी बाई सगळ्यांनी पारखून घेतलेली असते. तिचा नवरा, दीर, भाचा, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, पाण्याचे जार आणणारा, यांच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. म्हणून माझा आग्रह एकाच नियमाचा असतो: पाळणाघर चालू असताना मुलांच्या खोल्यांत कामावर नसलेलं मोठं माणूस येणार नाही. घरातलं असलं तरी नाही, मालकाचा मुलगा असला तरी नाही. मुलाला शूला नेताना दार अर्धं उघडं. झोपायच्या खोलीचं दार उघडं, कडी आतून नाहीच. एका मोठ्या माणसाने एका मुलाला घेऊन बंद खोलीत बसायचं नाही, मग कारण अभ्यासाचं असो की गोष्टीचं. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्याच, पण तिच्यावर विसंबू नका. तिच्यात नोंद झालेलं तेवढंच कळतं. आधीच्या कामाच्या ठिकाणी फोन करून ‘यांना पुन्हा ठेवाल का?’ असं विचारलं की पलीकडचं माणूस उत्तर द्यायला किती वेळ घेतं ते ऐका.

पालकांनी न सांगता येणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला २०१७ च्या दुरुस्तीपासून पाळणाघराची सोय बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा कायद्यानेच दिली आहे. घरगुती पाळणाघराला तो नियम लागू नसला तरी जे पाळणाघर ‘दुपारी येऊ नका, मुलं डिस्टर्ब होतात’ असं सांगतं, त्यावर मी फुली मारते. ‘गुड टच बॅड टच’च्या तासांना मात्र मी फारसं महत्त्व देत नाही. शिकवा जरूर, शरीराच्या अवयवांची नावं शिकवा, नको म्हणायला शिकवा. पण साडेतीन वर्षांच्या पोराने वीस वर्षांच्या माणसाला अडवावं ही अपेक्षा मोठ्यांनी आपली जबाबदारी झटकण्यासाठी काढलेली आहे.

मारहाणीबद्दलही दोन शब्द, कारण पाळणाघरात तीच जास्त दिसते. रांगणाऱ्या-चालणाऱ्या मुलाच्या नडगीवर, गुडघ्यावर, कपाळावर टेंगूळ येतंच. कान, मान, पोट, पाठ, गालाचा मऊ भाग इथे वळ किंवा काळंनिळं दिसलं, किंवा अजून पालथंही न पडणाऱ्या बाळाच्या अंगावर कुठेही, तर ते पडून झालं असं मानू नका. आपल्याकडच्या बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मतः निळसर-करडे डाग असतात. ते दिवसागणिक रंग बदलत नाहीत, दाबलं तर दुखत नाहीत. पाळणाघरात घेतानाच ते आईसमोर वहीत नोंदवून ठेवा म्हणजे पुढे गैरसमज नको. सगळी मुलं रोज दुपारी एकाच वेळी गाढ झोपतात आणि उठवल्यावरही झिंगलेली असतात, तर सर्दी-खोकल्याचं औषध पाजून झोपवतात का ते बघा. मारणं, कोंडणं, उपाशी ठेवणं, गुंगीचं पाजणं, हे सगळं २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ मध्ये क्रौर्य म्हणून येतं, आणि मुलांची जबाबदारी घेतलेल्या संस्थेतल्या माणसाने केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

राहिलं ते मूल. ते उद्या आलंच, तर त्याला त्या खोलीत झोपवू नका, बाहेर तुमच्या नजरेसमोर झोपवा. बाईंनी कितीही सांगितलं तरी. बाकी सगळं रोजच्यासारखं. त्याला जास्त कुरवाळू नका, डबा संपवला नाही म्हणून डोळ्यांत पाणी आणू नका, इतर ताईंशी त्याच्याकडे बघत कुजबुजू नका. ते आणखी काही बोललं तर ऐका, आणि तारीख-वेळ घालून त्याच वहीत पुढच्या पानावर लिहा.